वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधीचं मानसिक मूल्यमापन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शस्त्रक्रिया करता येईल असं सर्जननी सांगितलं, तपासण्यांची यादी हातात आली, आणि रक्त, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, हृदयाची तपासणी यांच्या खाली एक ओळ दिसली: मानसिक मूल्यमापन. वरच्या सगळ्या तपासण्या माणूस मुकाट करून घेतो. घोडं अडतं ते या शेवटच्या ओळीपाशी. माझं डोकं तर ठीक आहे, मग तिथे कशाला पाठवताय? काही चुकीचं बोलून गेलो तर ऑपरेशन रद्द होईल का? डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, हे सांगायचं की नाही?

मी ही मूल्यमापनं करते, आणि समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हेच प्रश्न असतात. म्हणून अपॉइंटमेंट घेण्यापासून रिपोर्ट येईपर्यंत काय काय होतं, कशाची तयारी करायची आणि कशाची अजिबात करायची नाही, ते क्रमाने सांगते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या खोलीत खरं बोलल्यामुळे कायमचा नकार मिळणारे फार थोडे असतात. लपवून ठेवलेली गोष्ट मात्र शस्त्रक्रियेनंतर वर येते, आणि तेव्हा ती सांभाळणं कितीतरी अवघड जातं.

ही तपासणी का असते

१९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून ही शस्त्रक्रिया कुणाला द्यावी याचे निकष मांडले: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ च्या वर असून सोबत वजनामुळे झालेला गंभीर आजार. रुग्णाची निवड सर्जनने एकट्याने न करता वैद्यकीय, मानसिक आणि आहाराची बाजू जाणणाऱ्या गटाने मिळून करावी, असंही त्याच परिषदेने सांगितलं. पुढे २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष सैल केले. आता ३५ च्या वर बीएमआय असेल तर सोबत आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवता येते, ३० ते ३५ च्या मधल्यांना मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार होतो, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासूनच ती देता येते. आकडे खाली आले, पण गटाने मिळून ठरवायचं ही पद्धत राहिली.

त्यामागचं कारण शस्त्रक्रियेतच आहे. स्लीव्ह या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी उरते आणि अन्न आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढे जातं. पोट लवकर भरतं, भुकेची संप्रेरकं बदलतात, पहिले काही महिने तर भूक जवळपास लागतच नाही. पण भूक नसताना जे हात डब्याकडे नेतं, ते एकटेपण, तो राग, ती रात्रीची अस्वस्थता, यातलं काहीही सर्जन कापून काढत नाहीत. शिवाय नंतरचे नियम आयुष्यभराचे आहेत: रोजच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, ठरलेल्या रक्त तपासण्या, घास बारीक चावून सावकाश खाणं, जेवताना पाणी न पिणं. हे सगळं करायला तुम्ही आज कुठल्या अवस्थेत आहात आणि तुम्हाला कुठे आधार लागेल, एवढं बघण्यासाठी ही भेट असते.

या लोकांत मानसिक त्रास किती आढळतो, तेही ऐकून ठेवा. २०१६ साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत डिप्रेशनचं प्रमाण सुमारे १९ टक्के आणि बिंज इटिंगचं, म्हणजे थांबता न येणाऱ्या अनावर खाण्याचं, सुमारे १७ टक्के निघालं. त्याच आढाव्यात असंही दिसलं की आधी डिप्रेशन किंवा बिंज इटिंग होतं म्हणून वजन कमी उतरतं, असा ठाम पुरावा नाही. गोळ्या चालू असल्याचं लपवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

पायरी १: अपॉइंटमेंट लवकर घ्या

शस्त्रक्रियेची तारीख ठरवून मग इथे येणाऱ्यांची फार ओढाताण होते. मूल्यमापनात काही सापडलं तर त्यावर काम करायला आठवडे लागतात, कधी महिनेही. तारीख डोक्यावर असली की ते काम शिक्षेसारखं वाटायला लागतं. म्हणून पहिल्या काही तपासण्यांबरोबरच ही वेळ घ्या.

फोनवर विचारून घ्या: भेट किती वेळाची असते (एक ते दोन तास धरून चला, कधी दोन बैठकाही होतात), प्रश्नावल्या आधी पाठवणार की तिथे भरायच्या, कोणत्या भाषेत आहेत, रिपोर्ट कुणाकुणाकडे जातो, आणि खर्च विम्यात बसतो का. ज्या भाषेत तुम्ही रडता आणि भांडता, त्या भाषेत बोलता येईल असा तज्ज्ञ मिळाला तर उत्तम. मूल्यमापन मानसशास्त्रज्ञ करतील किंवा मानसोपचारतज्ज्ञ, दोन्ही चालतं. या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अनुभव आहे का, हे मात्र जरूर विचारा. तो नसेल तर साध्या तब्येतीच्या गप्पा होऊन कागदावर सही मिळते, आणि तुमच्या पदरात काहीच पडत नाही.

पायरी २: बरोबर काय न्यायचं

औषधांची पूर्ण यादी न्या, मात्रेसह. झोपेच्या गोळ्या, वनस्पतीजन्य औषधं, अधूनमधून घेतलेली वेदनाशामकं, सगळं त्यात यावं. पूर्वी मानसिक उपचार घेतले असतील तर ते कागद आणि त्या डॉक्टरांचं नाव द्या. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असून मशीन दिलेलं असेल, तर ते रोज वापरता का, याचं खरं उत्तर तयार ठेवा.

वजनाचा इतिहास एका पानावर लिहा. लहानपणी वजन कसं होतं, कधी वाढलं, तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं. बाळंतपण, नोकरी जाणं, कुणाचा मृत्यू, दुखापत, एखादं औषध सुरू होणं. पुढे आतापर्यंत केलेले प्रयत्न लिहा, किती उतरलं आणि परत कसं आलं, तेही. हे पान लिहिताना अनेकांना पहिल्यांदाच दिसतं की वजनाच्या प्रत्येक चढाच्या शेजारी एखादी घटना उभी आहे. ते दिसणं मला पुष्कळ महत्त्वाचं वाटतं, मुलाखतीहूनही कधी कधी जास्त.

शक्य असेल तर आठवडाभर खाण्याची नोंद ठेवा. काय खाल्लं एवढंच लिहू नका. किती वाजता, कुठे बसून, कुणाबरोबर, भूक होती का आणि मनात काय चाललं होतं, हेही लिहा. त्या आठवड्यात शहाण्यासारखं खायचा प्रयत्न करू नका. नोंद सुंदर दिसली तर तिचा उपयोग संपला.

घरचं माणूस न्यायचं का? नेलं तर चांगलंच, कारण नंतरची घडी त्यांनाही बसवायची असते. पण भेटीचा मोठा भाग एकट्याने बोलण्याचा असावा. तसं झालं नाही तर तुम्ही स्वतः मागून घ्या. काही गोष्टी नवऱ्यासमोर, बायकोसमोर, आईसमोर निघत नाहीत.

उत्तरं पाठ करून मात्र जाऊ नका. इंटरनेटवर ‘काय बोलावं’ अशा याद्या मिळतात. पाठ केलेलं उत्तर आम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आणि मग ते का पाठ करावंसं वाटलं, याच प्रश्नाभोवती उरलेला वेळ जातो.

पायरी ३: प्रश्नावल्या

बहुतेक ठिकाणी दोन-तीन छोट्या प्रश्नावल्या असतात. डिप्रेशनसाठीची पीएचक्यू-९ सगळ्यांत जास्त वापरली जाते: गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, एकूण गुण ० ते २७. चिंतेसाठी जीएडी-७ असते. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ऑडिट नावाची १० प्रश्नांची प्रश्नावली, आणि अनावर खाण्यासाठी १६ गटांचं बिंज इटिंग स्केल. काही केंद्रं एमएमपीआयसारखी मोठी व्यक्तिमत्त्व चाचणीही देतात. तिच्या सध्याच्या आवृत्त्यांत तीनशेच्या वर विधानं असतात आणि ती भरताना जीव कंटाळतो. अशा चाचणीत स्वतःला फार चांगलं किंवा फार वाईट दाखवलंय का, हे तपासणाऱ्या मापनपट्ट्याही असतात. कधीच राग येत नाही, कधीच खोटं बोललो नाही, अशी उत्तरं देत गेलात तर तुमची प्रतिमा चांगली होत नाही, निकालच वाचता येत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पीएचक्यू-९ मध्ये थकवा, झोप, भूक, हालचाली मंदावणं यांचे प्रश्न आहेत. जास्त वजन आणि झोपेत अडकणारा श्वास यांमुळेही नेमक्या याच तक्रारी होतात. त्यामुळे गुण जास्त आले म्हणजे डिप्रेशन ठरलं, असं नसतं. आकडा फक्त बोलण्याची सुरुवात करून देतो. दुसरी गोष्ट शेवटच्या, नवव्या प्रश्नाची. मरण बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, असं तिथे विचारलेलं असतं. येत असतील तर शून्यावर खूण करू नका. त्यावर समोरचा माणूस घाबरून फाइल बंद करत नाही. विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, कशामुळे थांबता, हे विचारतो आणि आधी तुमच्या जिवाची काळजी घेतली जाते.

पायरी ४: मुलाखत

इथे सर्वांत जास्त वेळ जातो, आणि जायलाही हवा.

सुरुवात बहुधा शस्त्रक्रियेपासून होते. कोणती शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यात काय करतात, धोके काय, नंतर खाणं कसं बदलतं, हे तुमच्या शब्दांत सांगायला सांगतात. परीक्षेसारखं वाटलं तरी हेतू साधा आहे: संमतीच्या कागदावर सही करणाऱ्याला आपण कशाला संमती देतोय, ते माहीत असलं पाहिजे. ‘डॉक्टर बघतील’ हे उत्तर पुरत नाही. काही समजलं नसेल तर तसंच सांगा, पुन्हा समजावून घेता येतं.

अपेक्षांचा प्रश्न येतो. साधारणपणे स्लीव्हनंतर एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या पाव हिस्सा आणि बायपासनंतर तीस टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं. म्हणजे १२० किलोच्या माणसाचं ३० ते ३६ किलो. त्यानंतर थोडं परत येणं स्वाभाविक आहे. कातडी लोंबते, तिचं काय, याचा विचार आधी कुणी केलेला नसतो. मी विचारते: वजन उतरल्यावर आयुष्यात नेमकं काय वेगळं होईल? गुडघे दुखणार नाहीत, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतील, जिना चढता येईल, ही उत्तरं शरीराच्या हातातली आहेत. ‘नवरा पुन्हा माझ्याकडे बघेल’ हे उत्तर शरीराच्या हातातलं नाही, आणि ते ज्यांनी धीर करून सांगितलं, त्यांच्याशी आधीच बोलता आलं याचं मला नेहमी समाधान वाटतं. २०१८ मध्ये स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की शस्त्रक्रियेनंतर एकट्या लोकांची नवी नाती जुळण्याचं प्रमाण वाढतं, तसंच आधीपासून नात्यात असलेल्यांची ताटातूट होण्याचंही वाढतं. घरातली माणसं त्याच जागी राहतात आणि तुम्ही बदलता. कुणी खूश होतं, कुणी धास्तावतं.

मग खाणं. इथे जरा थांबून बोलूया, कारण लाज सगळ्यांत जास्त इथेच आड येते.

जास्त खाणं आणि बिंज इटिंग यात फरक आहे. समारंभात चार घास जास्त जाणं हे बिंज नव्हे. साधारण दोन तासांच्या आत बहुतेकांपेक्षा स्पष्टपणे जास्त खाल्लं जातं, आणि खाताना आता थांबता येत नाही अशी भावना असते, त्याला बिंज म्हणतात. त्याच्याबरोबर भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेने एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी वाटणं, यांतल्या किमान तीन गोष्टी असतात. असं आठवड्यातून सरासरी एकदा, तीन महिने चाललं असेल तर तो आजार ठरतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान पुस्तिकेत त्याला २०१३ साली स्वतंत्र आजाराची जागा मिळाली. हा आजार आहे, आळस किंवा हावरटपणा नाही, आणि त्याच्यावर उपचार आहेत. यातली खरी खूण ‘थांबता न येणं’ ही आहे. शस्त्रक्रियेनंतर एका वेळी खूप खाणं शक्यच होत नाही, पण थांबता न येणं तसंच राहू शकतं. मग माणूस दिवसभर थोडं थोडं, गोड, पातळ, सहज घशाखाली जाणारं काही तरी तोंडात टाकत राहतो. वजन परत येण्यामागे हे एक ठळक कारण आहे.

रात्रीचं खाणंही विचारलं जातं. दिवसाच्या खाण्यापैकी चौथा हिस्सा किंवा जास्त रात्रीच्या जेवणानंतर होतो का? मध्यरात्री उठून काही खाल्ल्याशिवाय झोप लागत नाही का? अल्बर्ट स्टंकार्ड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५५ मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं, तेव्हापासून त्याला स्वतंत्र नाव आहे. खाऊन मुद्दाम उलटी करणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, दिवसच्या दिवस उपाशी राहणं, हे असेल तर नक्की सांगा. मुद्दाम उलटी करण्याची सवय चालू असताना शस्त्रक्रिया केली तर शरीराला खरा धोका असतो, आणि हे शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचं पक्कं कारण आहे.

दारूचे प्रश्न तुम्ही क्वचित पीत असलात तरी नीट ऐका. बायपासनंतर दारू रक्तात फार झपाट्याने चढते, पूर्वीच्या निम्म्यातही नशा होते, आणि ती उतरायलाही वेळ लागतो. अमेरिकेतल्या १० रुग्णालयांत सुमारे दोन हजार रुग्णांचा पाठपुरावा केलेल्या अभ्यासात दारूचा विकार शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात ७.६ टक्के लोकांना होता. नंतरच्या पहिल्या वर्षी तो ७.३ टक्क्यांवर राहिला, दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेला. धोका दुसऱ्या वर्षी वाढतो हे ध्यानात घ्या. तेव्हा सगळं छान चाललेलं असतं आणि भेटी विरळ झालेल्या असतात. बायपास झालेल्यांत तो जास्त दिसला. घरात कुणाला व्यसन होतं का, कठीण दिवस तुम्ही कसे काढता, हे त्यासाठीच विचारतात. तंबाखू आणि सिगारेटबद्दल सर्जनही सांगतील, पण इथेही सांगा. शस्त्रक्रियेच्या किमान सहा आठवडे आधी सोडायला सांगतात, आणि पुन्हा सुरू केल्यास बायपासच्या जोडावर व्रण होण्याचा धोका वाढतो.

जुन्या जखमा हा या मुलाखतीचा सर्वांत नाजूक भाग. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, शाळेतली चिडवाचिडवी, हे विचारलं जाऊ शकतं. काहींसाठी वजन हे एक कवच झालेलं असतं. ते उतरू लागल्यावर, लोक वळून बघू लागल्यावर अचानक असुरक्षित वाटायला लागतं. तुम्ही तपशील द्यायला बांधील नाही. ‘असं काही घडलं होतं, आज त्याबद्दल बोलायचं नाही’ एवढं म्हटलं तरी पुरतं. तेवढ्यावरून नंतर आधाराची सोय करता येते.

घरी कोण आहे, पहिले काही आठवडे मदत कोण करणार, औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च पुढेही झेपेल का, हे प्रश्न शेवटी येतात आणि लवकर संपतात.

पायरी ५: रिपोर्टमध्ये काय येतं

निकाल ढोबळ मानाने तीन प्रकारचा असतो. अडचण नाही. अडचण नाही, पण अमुक गोष्टी सोबत चालू ठेवा. किंवा आत्ता थांबा, हे करून परत या. कायमचा नकार विरळा. थांबायला सांगण्याची ठळक कारणं अशी: उपचार न घेतलेला गंभीर मानसिक आजार, विशेषतः भास-भ्रम होत असणं, सध्या आत्महत्येचे विचार किंवा नुकताच झालेला प्रयत्न, चालू व्यसन, मुद्दाम उलट्या करण्याचा आजार, किंवा शस्त्रक्रिया म्हणजे काय हेच न समजणं आणि घरी सांभाळणारं कुणी नसणं. यांतला मानसिक आजार औषधांनी स्थिर असेल तर दार बंद नसतं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असूनही नीट उपचारांवर असलेल्या लोकांच्या शस्त्रक्रिया होतात.

रिपोर्ट शस्त्रक्रियेच्या गटाकडे जातो, कधी विमा कंपनीकडेही. मुलाखत सुरू होतानाच विचारा: माझ्या बोलण्यातलं काय लिहिलं जाईल? चांगला तज्ज्ञ आवश्यक तेवढंच लिहितो. बालपणातल्या घटनेचा तपशील सर्जनला लागत नाही. रिपोर्ट वाचायला मागा आणि त्यातलं जे पटलं नाही, त्यावर बोला.

‘आत्ता थांबा’ ऐकल्यावर माणूस कोसळतो, हे मी पाहिलं आहे. वर्षानुवर्षांच्या अपमानानंतर एकदाची वाट सापडलेली असते आणि तिथेही अडवलं, असं वाटतं. तो राग खरा आहे. त्या दिवशी शक्य असेल तर एवढंच करा: नेमकं काय करायचं, किती काळ, कुणाकडे आणि परत कधी भेटायचं, हे लेखी घ्या. ‘मन घट्ट करून या’ असला सल्ला स्वीकारू नका, त्यातून काहीच करता येत नाही. ‘बिंज इटिंगसाठी वर्तन-उपचाराच्या अमुक बैठका, मग पुनर्मूल्यांकन’ हा सल्ला. कारण पटलं नाही तर दुसरं मत घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मात्र दुसरीकडे गेल्यावर पहिला रिपोर्ट दडवू नका.

चालू औषधांची वेगळी चौकशी

हा भाग अनेकदा कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून तुम्ही लक्षात ठेवा. बायपासनंतर काही औषधं पूर्वीसारखी शोषली जात नाहीत. डिप्रेशनच्या काही गोळ्यांची रक्तातली पातळी शस्त्रक्रियेनंतर घसरलेली आढळली आहे. हळूहळू विरघळणाऱ्या, दिवसभर काम करणाऱ्या गोळ्या पूर्ण उपयोगी पडतीलच असं नाही. त्या बदलाव्या लागू शकतात. लिथियम घेत असाल तर उलटा धोका असतो: पाणी कमी जातं आणि रक्तातली मात्रा विषारी पातळीपर्यंत चढू शकते. तेव्हा शस्त्रक्रियेआधीच तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा: माझ्या कोणत्या औषधाचं रूप बदलायचं, रक्तातली पातळी कधी तपासायची, पहिल्या आठवड्यात मोठी गोळी गिळता आली नाही तर काय? बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करणं सर्वांत वाईट.

शस्त्रक्रियेनंतर परत कधी यायचं

पहिले सहा-आठ महिने बहुतेकांची मनःस्थिती सुधारते. काट्यावरचा आकडा रोज उतरत असतो, लोक कौतुक करतात. मग उतार मंदावतो आणि जुने प्रश्न परत दिसायला लागतात. म्हणून पुढची भेट सगळं ठीक असतानाच ठरवून ठेवा, आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस व दुसऱ्या वर्षात एकेक ठेवा. आरशात अजून जुनंच शरीर दिसतं, अशी तक्रार फार जण करतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण त्याबद्दल बोलायला हवं.

काही लक्षणांसाठी ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. दिवसभर चरत राहणं पुन्हा सुरू झालं, पिण्याचं प्रमाण वाढलं, उलटी करून मोकळं व्हायची सवय लागली, गोळ्या-व्हिटॅमिन बंद पडली, तपासणीला जायची लाज वाटू लागली, तर त्याच आठवड्यात फोन करा. वजन परत वाढलं म्हणून तोंड लपवणारे बरेच असतात, आणि मदतीची गरज नेमकी त्यांनाच असते. सतत उलट्या होत असून गोंधळल्यासारखं वाटणं, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं सुरू झालं, तर तो मनाचा प्रश्न समजून घरी थांबू नका. थायामिन या व्हिटॅमिनच्या कमतरतेने मेंदूला इजा होत असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि तुमची ही शस्त्रक्रिया झाली आहे, हे तिथे पहिल्यांदा सांगा.

शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण काहीसं वाढतं, असं एकापेक्षा जास्त देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे, आणि अशांपैकी बहुतेकांना आधीपासून मानसिक आजाराची पार्श्वभूमी होती. म्हणून ही गोष्ट घरातल्या एका विश्वासू माणसाला आधीच सांगून ठेवा, आणि त्याला असं म्हणा: मी गप्प झाले, भेटायचं टाळू लागले, ‘काही अर्थ नाही’ असं बोलू लागले, तर मला विचार आणि माझ्यासोबत चल. तज्ज्ञाचा नंबर, तुमच्या भागातल्या मदतवाहिनीचा नंबर आणि जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाचा नंबर त्या माणसाच्या फोनमध्ये शस्त्रक्रियेच्या आधीच टाकून ठेवा.